बिनवारस भाडेकरू

पीरमहंमद मणेराने फादर इनासना खोली नाकारली ती मोठ्या अदबीने. आधी चहा पाजला, मग नाही म्हटलं. साल त्रेपन्न. जुन्नरच्या बाजारपेठेत त्याचं बांगड्यांचं दुकान, आणि दुकानाला लागून ही खोली. दोन वर्षांनी मुलाचं, तय्यबचं, लग्न लावून त्याचा संसार इथंच थाटायचा, तोवर भाडेकरू ठेवायचा, असा बेत. फादरना तिथं दवाखाना काढायचा होता आणि औषधांची खोकी दुपारच्या एसटीने येऊन पडणार होती.

"राग नका मानू, फादरसाहेब. पर दिवसभर बाया बांगड्या भराया येत्यात. एकटा पुरुष न्हाई चालायचा. लगीन झालं की या."

"माझं लग्न होणार नाही. आम्हाला परवानगी नसते."

"कायमची?" पडद्याआडून त्याच्या बायकोने, आमिनाने विचारलं.

"कायमची."

नवऱ्यामुलींच्या मनगटांवर ज्याचं पोट चालतं, त्याला हे ऐकून घाम फुटला. "बाकीच्या एकट्यांना निदान आशा तरी आसती," पीरमहंमद म्हणाला. "गुन्हा काय केला वो तुमी?"

"गुन्हा नाही. येशू स्वतः अविवाहित होता. शिवाय बायकापोरं नसली की माणूस सगळ्यांचा होतो. बोलावणं आलं की पिशवी उचलायची आणि निघायचं."

"आमचे हेबी तसंच निघत्यात," पडदा म्हणाला. "पिशवी तेवढी इसरत्यात."

फादर हसले. "आणखी एक कारण सांगतात. फार पूर्वी काही पाद्र्यांना बायकापोरं असायची. बाप गेला की पोरं चर्चच्या घरादारावर वारस म्हणून ठाण मांडायची. लग्नच बंद केलं, वारस बंद झाले."

पीरमहंमदचा कप ओठांपाशीच थांबला. मागचा भाडेकरू गेणभाऊ शिंपी वारला, तेव्हा त्याचे तीन मुलगे खोलीला चिकटून बसले होते. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून चार वर्षांनी निघाले.

"म्हंजी तुमच्या मागं कुनीबी न्हाई?"

"कुणी नाही."

"पक्कं?"

"तशी शपथच घेतली आहे."

"अगं, किल्ली आण!"

दोन वर्षं फार सुखाची गेली. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या बाया जाताना बांगड्याही भरून जात. मग ओतूरच्या शमाशी तय्यबचं ठरलं, आणि नशीब बघा, त्याच महिन्यात फादरची नाशिकला बदली झाली. पीरमहंमदने पेढे वाटले. लग्नाचे, असं सांगून.

सकाळच्या एसटीने फादर इनास गेले. दुपारच्या एसटीतून एक तरुण पाद्री उतरला आणि ट्रंक-पिशवी घेऊन थेट दुकानासमोर उभा राहिला.

"मी फादर पास्कल. फादर इनासच्या जागी."

पीरमहंमद त्या ट्रंकेवरच बसला. "गेणभाऊचे तीनच वारस व्हते," तो पुटपुटला. "ह्यांचे कुटवर मोजायचे!"

लग्नाचं कळताच फादर पास्कलनी वर पाहिलं. "माळा आहे की. मला एक खाट पुरे. दवाखाना ओसरीवर थाटू." आणि पिशवी उचलून चढलेसुद्धा. फादर इनासचं पिशवीचं कारणही खरं होतं तर!

"तय्यबला पोरं झाली की माळाबी लागंल," आमिना म्हणाली.

"तवर ह्यांची बदली हुईल."

"आन् मंग?"

दुसऱ्या दिवशी पीरमहंमदने सुतार बोलावला, माळ्याची डुगडुगती बांबूची शिडी काढून टाकली आणि सागवानी जिना सांगितला.

"एकट्या मानसाला येवढा मजबूत जिना?" सुताराने विचारलं.

"मजबूतच कर, राव," पीरमहंमद म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्या लागायचाय."