नाचोसरांचं एक वाक्य

सामना सुरू होतो न होतो तोच "संपलं राव!" म्हणणारा कोच मी दुसरा पाहिला नाही. शिट्टी वाजायची, आमच्या पोरी चेंडूला पाय लावायच्या आणि नाचोसर कपाळाला हात लावून खाली बसायचे. चहा निवला तरी "संपलं राव", एसटी चुकली तरी "संपलं राव". मंचरच्या बाजारात कांद्याचा भाव पडला त्या दिवशी हे शब्द त्यांनी उचलले, ते कायमचेच.

माणूस स्पेनचा. नाव इग्नासिओ, लाडाचं नाव नाचो. पहिल्या दिवशी प्रार्थनेला छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "नाचो!" मागच्या रांगेतल्या चौघी खरंच नाचल्या.

तरुणपणी ते तिकडे दुसऱ्या दर्जाच्या फुटबॉल लीगमध्ये पुढच्या फळीत खेळायचे. गुडघा गेला, मग कोच झाले. दोन क्लबांनी काढून टाकलं. पुण्यातला तिसरा एका हंगामात बंद पडला. तेव्हा बेल्ह्याकडच्या आमच्या शाळेच्या अध्यक्षांनी त्यांना वर्षाच्या करारावर आणलं, कारण प्रवेशाच्या फ्लेक्सवर त्यांना गोरा माणूस हवा होता. मी तिथं मराठी शिकवतो. शेजारच्याच खोलीत राहत असल्यानं दुभाष्याही मीच.

नववीच्या अकरा पोरी, आणि ग्राउंडला लागून ऊस. चेंडू उसात गेला की आणायला कुणी जायचं नाही.

"बिबट्या हाय सर," कॅप्टन वैशाली सांगायची.

"आनि चेंडू?"

"आता त्याचाच."

वर्षात बरेच चेंडू बिबट्याचे झाले, आणि आम्ही सगळे सामने हरलो. मंचरला तर आठ-शून्य. परतताना टेम्पोत पोरी रडत होत्या. सर बाहेर बघत बसले. खोलीवर आल्यावर मला म्हणाले, "मी पन असाच रडला. माजा कोच कदी काय बोलला न्हाई."

परीक्षा झाली. शाळेच्या फाटकावर सरांच्या मोठ्या फोटोचा फ्लेक्स लागला, आणि त्याच आठवड्यात अध्यक्षांनी त्यांना बोलावून सांगितलं, करार वाढणार नाही.

संध्याकाळी सर माझ्याकडे आले. "एक वाक्य शिकव."

मी सांगितलं, "तुम्ही फार चांगलं खेळलात."

"पुस्तकातला नको. पोरींचा दे."

मग ते झालं, "तुमी लई भारी खेळला." जेवेपर्यंत ते घोकत होते.

दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर कुणीच नाही. कांदा काढणी सुरू झाली होती, पोरी आईबापांबरोबर वावरात. "गाडी काढ," सर म्हणाले. मी मोटारसायकल काढली. अकराही घरांच्या वावरांत गेलो. सर बांधावर उतरायचे, गुडघा सांभाळत वाफ्यातून आत जायचे आणि वाकलेल्या पोरीसमोर उभं राहून ते वाक्य म्हणायचे. एवढ्याशा पोरीला 'तुमी' म्हणतोय म्हणून आई तोंडाला पदर लावायची. पोरगी हसायची नाही.

शेवटचं वावर वैशालीचं. तिनं ऐकून घेतलं, मातीचे हात ड्रेसला पुसले.

"सर, उद्या प्रॅक्टिस हाय ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"हाय," सर म्हणाले. "पाच वाजता."

सकाळच्या पहिल्या एसटीनं ते गेले.

वैशालीनं सगळीकडे निरोप धाडला होता. संध्याकाळी पाचला अकराही जणी आल्या. काही बुटांच्या नाड्या बांधत होत्या, दोघी धावायलाही लागल्या. मी स्टाफरूमच्या पायरीवर उभा होतो. त्यांना सांगायला हवं होतं, आणि मला खाली उतरवेना.