पाहुण्यांसाठी योग्य वस्ती

कोणत्याही शहरात वस्त्या दोनच प्रकारच्या असतात. एक आपण राहतो ती, आणि दुसरी पाहुण्यांना उतरण्यासाठी योग्य असलेली. या दोन वस्त्या सहसा एकमेकींना लागून नसतात. नगररचनेच्या पुस्तकांत हा नियम सापडत नाही. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या घरी पाहुणे येत नसावेत.

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको एन-सातमध्ये राहणारे काकासाहेब शेजूळ या विषयातले जाणकार झाले ते अगदी अचानक, दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी. कल्याणहून त्यांच्या मामेभावाचा, सर्जेरावचा, फोन आला.

“दादा, यंदा सुटीत पोरांना वेरूळ-अजिंठा दाखवावं म्हणतोय. आईपण येतीय. चार दिवस राहू. तुला शहराची माहिती हाय म्हणून विचारतो, कोणत्या भागात उतरावं?”

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तरही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे: “घर असताना विचारतो काय?” काकासाहेबांना हे वाक्य तोंडपाठ होतं आणि त्यांनी ते उच्चारलंही. फक्त त्यापुढे त्यांनी एक ‘पण’ जोडला, आणि तो ‘पण’ फोनची बॅटरी उतरेपर्यंत चालला.

‘पण’चं मूळ पाण्यात होतं. काकासाहेबांच्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते आठवडाभर वाट बघायला लावून. साखरपुडे, बारशी आणि शक्य झाल्यास आजारपणंही गल्लीतले लोक पाण्याचा वार बघून उरकत. काकासाहेब स्वतः पाटबंधारे खात्यात होते. धरणात किती पाणी आहे हे त्यांना रोज सकाळी कागदावर कळे. घरच्या टाकीत किती आहे हे मात्र गच्चीवर जाऊन काठी घालून बघावं लागे. अशा घरात पाच पाहुणे म्हणजे पाच अंघोळी, आणि पाहुणा माणूस अंघोळ करताना आपल्या घरच्यासारखी करतो, हा काकासाहेबांचा अनुभव होता.

त्यांनी हा विषय पत्नीपर्यंत नेला नाही. चंद्रकलाबाईंनी मात्र फोन ऐकला होता आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरच्या गाद्या काढून गच्चीत उन्हाला घातल्या होत्या. ढेकूण झाले असावेत, असं काकासाहेबांनी समजून घेतलं.

मग त्यांनी शहराच्या वस्त्यांचा निःपक्षपाती अभ्यास सुरू केला. गुलमंडी वगळली, कारण गाडी लावायला जागा नाही. निराला बाजार वगळला, कारण दुकानं फार. सर्जेरावच्या बायकोला मोह होईल. कॅनॉटला कॉफीची दुकानं आणि तिथं बसणारी तरुण मंडळी, त्यांचा सर्जेरावच्या मुलावर परिणाम होण्याचा संभव. (मुलगा तिसरीत होता.) शिवाय कॅनॉटपासून एन-सात रमतगमत येण्यासारखं आहे, हा दोष त्यांनी उघड बोलून दाखवला नाही. बीड बायपासला ट्रक. गारखेड्यात सगळंच चांगलं, पण तिथं चंद्रकलाबाईंची बहीण राहते. तिनं पाहुण्यांना जेवायला बोलावलं की आपल्यालाही बोलवावं लागणार.

अभ्यास एकांगी होऊ नये म्हणून ऑफिसात जेवणाच्या सुटीत मतं घेण्यात आली. पदमपुऱ्यात राहणाऱ्या पुंजारामनं सिडको सुचवलं. सिडकोतल्या दोघांनी पदमपुरा सुचवला. हर्सूलच्या साहेबांनी तर पाहुण्यांनी थेट वेरूळलाच राहावं, म्हणजे जाण्यायेण्याचा त्रास वाचेल, असं सांगितलं. आपल्या गल्लीची शिफारस कोणीही केली नाही. आपल्या भागाची जाहिरात न करण्याचा हा संयम शहराच्या इतिहासात नोंदवण्यासारखा आहे.

एक मत बाद करावं लागलं. ते मुबारकभाईंचं. मुबारकभाई शहागंजच्या मागच्या बाजूला राहत. काकासाहेबांच्या शेजारच्या टेबलावर त्यांची बरीच वर्षं गेली होती.

“माझ्याकडं उतरवा की,” भाकरी मोडत ते म्हणाले. “वरचा मजला रिकामाच हाय.”

प्रश्न ‘कोणत्या भागात’ असा असताना त्यांनी ‘माझ्याकडं’ असं उत्तर दिलं, म्हणजे त्यांना प्रश्नच कळला नव्हता. तरी काकासाहेबांनी त्यांचं मन दुखवलं नाही.

“तिकडं गाडी लावायची पंचाईत होती, मुबारकभाई.”

“गाडी घेऊन येणारेत का?”

“नाय. रेल्वेनं.”

मुबारकभाईंनी डब्यातली अंड्याची भाजी काकासाहेबांकडे सरकवली. विषय तिथंच संपला.

शेवटी काकासाहेबांची निवड शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सातारा परिसरावर पडली. स्टेशनला जवळ. डोंगर दिसतो. खंडोबाचं मंदिर आहे, म्हणजे मामींचीही सोय. एन-सात आणि सातारा परिसर यांच्यामध्ये अख्खं शहर, सगळे सिग्नल आणि रेल्वेचे रूळ येतात, हा योगायोग. तिथं एक नवं हॉटेल होतं. त्याची स्वतःची बोअर होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी काकासाहेब सर्जेरावला फोनवर सातारा परिसराचं वर्णन ऐकवू लागले. आधी ते बेताचं होतं. पण खोटं नाही म्हटल्यावर माणसाला चेव येतो. “हवा म्हणजे अशी रं, की बीपीची गोळी घ्यायची आठवण होत नाय. सकाळी मोर ओरडतेत. शांतता अशी, की पोरं आपोआप अभ्यासाला बसतेत.”

चंद्रकलाबाई पलीकडे मेथी निवडत हे ऐकत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, “अहो, तिथं एवढं चांगलं हाय, तर आपण इथं कशाला राहतो?”

“आपलं काय,” काकासाहेब म्हणाले, “आपण कायमचे राहणारे.”

चंद्रकलाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. हे उत्तर आपल्याला बाहेरही वापरता येईल, असं काकासाहेबांना वाटलं.

ठरल्या दिवशी गाडी आली. काकासाहेब रिक्षा ठरवून स्टेशनवर हजर होते. सर्जेराव उतरला, त्याची बायको उतरली, दोन मुलं उतरली, आणि सगळ्यांच्या मागून दांड्याला धरून मनकर्णामामी उतरल्या. काकासाहेब पाया पडले. मामींनी त्यांच्या गालावरून हात फिरवला.

“वाळला लई,” त्या म्हणाल्या. “घर किती लांब हाय तुझं?”

इथं वाचकांना एक गोष्ट सांगणं भाग आहे. काकासाहेब गावाकडची शाळा संपल्यावर पैठणला मामाकडे राहून दहावी झाले. मामाचं घर दोन खोल्यांचं. खाणारी तोंडं किती हे जेवायला बसल्यावरच कळे. पाणी मामी गोदावरीवरून डोक्यावर आणत. असं असताना भाचा येणार म्हटल्यावर त्याला कोणत्या भागात उतरवावं, याचा मामींनी काडीचा अभ्यास केला नव्हता. त्याला चुलीच्या शेजारची जागा दिली, कारण तिथं थंडी कमी, आणि स्वतः दाराशी झोपल्या. त्या काळी नियोजनाला लोक महत्त्व देत नसत, त्याचं हे उदाहरण.

“आधी हॉटेलवर टेकू, मामी,” काकासाहेब म्हणाले. “तुमच्यासाठी खास भाग बघितलाय.”

“बरं,” मामी म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

हॉटेल खरोखरच चांगलं निघालं. डोंगर दिसत होता. (मोर मात्र सुटीवर गेले होते.) दुपारी चंद्रकलाबाई डबा घेऊन आल्या, सोबत मुलगी संस्कृती आणि मुलगा शिवम. वाळवलेल्या गाद्या घरी तशाच पडल्या होत्या. सगळ्यांना वाढलं, आणि हात धुवायला मामींच्या खोलीतल्या न्हाणीघरात गेल्या.

त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. काकासाहेबांनी डोकावून पाहिलं. चंद्रकलाबाईंनी नळ सोडला, पाणी आलं. त्यांनी तो बंद केला. पुन्हा सोडला, पुन्हा आलं. गरम पाण्याचा नळ सोडला, तर गरम आलं. बाहेर येऊन त्यांनी खोलीत टॉवेल घेऊन आलेल्या मॅनेजरला विचारलं, “पाण्याचा वार कोणता इथला?”

मॅनेजर परप्रांतातला असावा. त्याला प्रश्न समजला नाही.

“मामी,” चंद्रकलाबाई म्हणाल्या, “तुमच्या खोलीत ही दुसरी खाट रिकामी हाय का?”

“रिकामीच हाय. नीज इथंच. मलाबी सोबत होईल.”

“आणि पोरं आमच्या खोलीत,” सर्जेरावची बायको म्हणाली. संस्कृती आणि शिवम तोवर शॉवरखाली कोणी आधी जायचं यावरून भांडायला लागले होते.

काकासाहेबांनी पत्नीला बाजूला घेतलं. “आगं, लोक काय म्हणतेल? आपलं घर असताना?”

“तुम्हीच म्हणला ना,” चंद्रकलाबाई म्हणाल्या, “हवा चांगली हाय.”

वाक्य काकासाहेबांचंच होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी आपलीही रात्रीची सोय बघायला सुरुवात केली, तेवढ्यात चंद्रकलाबाईंना आठवण झाली. “उद्या आपल्याकडं पाणी येणारे. मोटर लावायला घरी कुणीतरी पायजे.”

अशा रीतीनं शेजूळ कुटुंबाची कौटुंबिक सहल सुरू झाली, आणि कुटुंबप्रमुख एन-सातला परत गेले.

दुसऱ्या दिवशी मंडळी वेरूळला गेली. काकासाहेब नळाजवळ खुर्ची टाकून बसले. पाणी उद्या येणार असं कळलं. तो उद्या उजाडला, मंडळी दौलताबादला गेली आणि काकासाहेबांना हत्ती, तोफ आणि भुट्टे यांचे फोटो मोबाईलवर मिळाले. भुट्टा खाणाऱ्यांत चंद्रकलाबाई होत्या आणि त्या हसत होत्या. लग्नानंतर त्यांचा असा फोटो कोणी काढल्याचं काकासाहेबांना आठवेना. त्या दिवशी पाणी आलं. त्यांनी टाकी भरली, हौद भरला, बादल्या, हंडे, कळश्या भरल्या, आणि कोणाला तरी हाक मारून सांगावं म्हणून घरात वळले. घरात फ्रिजचा आवाज येत होता.

चौथ्या दिवशी मुबारकभाईंचा फोन आला. “एकटेच हाय म्हणतेत. या जेवायला.”

काकासाहेब शहागंजात गेले. स्कूटर लावायला खरोखरच जागा मिळाली नाही. बरीच लांब लावून चालत यावं लागलं. आपला आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, हे पाहून त्यांना बरं वाटलं. मुबारकभाईंचा वरचा मजला आता रिकामा नव्हता. बिडकीनहून त्यांचे मेहुणे मुलाबाळांसह आले होते आणि जिन्यातही कोणाच्या तरी चपला होत्या. सगळ्यांनी सरकून काकासाहेबांना दस्तरखानावर जागा केली. एका पोरानं मांडीवरचं पोर दुसऱ्याच्या मांडीवर दिलं, एवढाच काय तो फेरफार झाला.

“भाभी कू नै लाए?” मुबारकभाईंच्या पत्नी नजमाबींनी विचारलं.

“ती सुटीवर गेलीय.”

“कां गए?”

“सातारा परिसर.”

नजमाबींनी मुबारकभाईंकडे पाहिलं. मुबारकभाईंनी काकासाहेबांच्या ताटात आणखी एक पळी भात वाढला. तिथं पाण्याचा वार कोणता, हे विचारायचं काकासाहेबांच्या ओठांवर आलं होतं. पण घरात एवढी माणसं असताना तो प्रश्न कोणी काढला नव्हता, म्हणून त्यांनीही काढला नाही.

त्याच दिवशी मंडळी पैठणला गेली. परतताना मामींना भाच्याचं घर दाखवायचं ठरलं होतं. पण पैठणला मामी आपलं जुनं, विकून टाकलेलं घर नुसतं बाहेरून बघायला म्हणून गेल्या, तर आत राहणाऱ्या अनोळखी लोकांनी त्यांना ओसरीवर बसवलं, जेवायला लावलं आणि तिन्हीसांजेपर्यंत सोडलंच नाही. त्या लोकांचा स्वभाव काकासाहेबांना कार्यक्रम बिघडवणारा वाटला.

पाचव्या दिवशी सगळे स्टेशनवर जमले. सर्जेराव खूश होता. “दादा, भाग लई भारी काढला तू. पुढच्या खेपेला तिथंच उतरू. वहिनींनापण आवडला.” चंद्रकलाबाईंचा चेहरा चार दिवसांच्या अंघोळीनं उजळला होता. त्या मुलांच्या पिशवीत चिवड्याच्या पुड्या भरत होत्या.

मामी खिडकीशी बसल्या. काकासाहेब खाली उभे राहिले.

“घर तेवढं बघायचं राहिलं बघ तुझं,” मामी म्हणाल्या.

“पुढच्या टायमाला, मामी. निवांत.”

“पुढच्या टायमाला कोण येतंय,” मामी म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे. आज ऊन जास्त आहे असं म्हणावं, तसं. मग त्यांनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून काकासाहेबांच्या सदऱ्याची सुटलेली वरची गुंडी लावली. गाडी हलली तेव्हा काकासाहेब थोडं अंतर गाडीबरोबर चालले, आणि प्लॅटफॉर्म संपायच्या बराच आधी थांबले.

घरी आल्यावर चंद्रकलाबाई आधी गच्चीवर गेल्या. टाकीचं झाकण उघडलं. टाकी काठोकाठ होती. त्यांनी आत बराच वेळ पाहिलं, झाकण लावलं, खाली आल्या आणि गाद्या माळ्यावर टाकायला शिवमला सांगितलं. पाण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. आपलं नियोजन त्यांना पटलं असावं, असा काकासाहेबांनी अर्थ काढला, आणि त्या रात्री ते न जेवताच झोपले.

आता ऑफिसात कोणाकडे पाहुणे येणार असले की लोक काकासाहेबांचा सल्ला घेतात. ते तो मोकळेपणानं देतात. हे वाचता वाचता आपल्याही मनात आपल्या गावातली एखादी वस्ती येऊन गेली असेल: हवेशीर, स्टेशनला जवळ, पाहुण्यांना सर्व दृष्टींनी सोयीची. निवड योग्यच असणार. फक्त ती कोणाच्या आठवणीनं मनात आली तेवढं बघा, आणि त्या माणसाचं आता वय काय असेल, तेही.