सत्कारमूर्तींना उकडतंय

आमच्या हॉलच्या छतात बसवलेल्या सहा दिव्यांनी एप्रिलमध्ये, आमचा सत्कार आता आटोपता घ्या, अशी तोंडी विनंती केली. विनंती टीव्हीच्या वरच्या दिव्याने केली, कारण बाकीचे पाचही त्याला मान देतात.

सत्कार माझ्या सासऱ्यांनी केला होता. वासुदेवराव गावंडे यांना ओळखत नाही असा माणूस अकोल्यात नाही, आणि त्यांना शाल दिली नाही असं मंडळही नाही. आयुष्यभरात मिळालेल्या शालींनी घरातली दोन कपाटं अडवली होती. यंदा ऊन असं तापलं की रात्रीसुद्धा स्लॅब गार होईना, तेव्हा सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, युक्ती सुचली. शिडी लावून ते फॉल्स सीलिंगच्या वर शिरले आणि धग अडवायला सगळ्या शाली तिथे अंथरून आले. दिव्यांच्या पाठीही त्यांनी झाकल्या. त्यांनाच उघडं कशाला ठेवायचं, म्हणाले. हॉल गार झाला, हे मी कबूल करते.

"आम्ही आपले ऋणी आहोत," दिवा मला म्हणाला, "पण आमची उष्णता पाठीतून बाहेर जाते. पाठीवर लोकर आली की ती तिथेच साठते. दारावरच्या सहकाऱ्याची शाल तपकिरी पडली आहे. ती कधीही पेट घेईल."

"मग टाका ना काढून."

"कार्यक्रम चालू असताना शाल काढणं शिष्टाचाराला धरून नाही."

मी बटण बंद केलं. ते चालूच राहिले. सत्कारमूर्तीला मध्येच उठून जाता येत नाही, हेही त्याने नम्रपणे सांगितलं. मग मी मेन स्विच पाडून पाहिला, तर फक्त फ्रिज बंद झाला.

मामाजी पेपर वाचत होते. "मामाजी, त्या शाली काढा हो," मी म्हणाले. "घर पेटन आपलं."

"दिलेली शाल कोनी वापस घेते का, सूनबाई? लोकं काय म्हनतीन?"

"लोकांना माहीतच नाही ना पण."

"दिव्यायले तं मालूम हाय."

शेवटी मार्ग दिव्यांनीच काढला. कार्यक्रम रीतसर संपवावा, म्हणजे अध्यक्षीय भाषण, आभार प्रदर्शन आणि मग शाली उतरवणं. अध्यक्ष म्हणून मामाजींचं नाव एकमताने पुढे आलं. मंडळांनी हल्ली त्यांना बोलावणं सोडलं होतं, त्यामुळे त्यांनी लगेच इस्त्रीचा सदरा चढवला. मला मनापासून बरं वाटलं आणि तेवढीच धास्तीही वाटली. मामाजींचं भाषण सुरू होताना मी खूपदा पाहिलंय, संपताना कधी पाहिलेलं नाही.

ते सोफ्याजवळ उभे राहिले. प्रकाशाचं महत्त्व सांगून ते सहकारी चळवळीकडे वळले आणि तिथून सरकीच्या भावावर आले. मी समोर वाळूची बादली घेऊन बसले होते. वक्त्याने आवरतं घ्यावं म्हणून आपल्याकडे टाळ्या वाजवतात, तशा मी दोनदा वाजवल्या. मामाजींना त्या आवडल्या. तेवढ्यात छतातून जळक्या लोकरीचा वास यायला लागला.

"अध्यक्षमहाराज," टीव्हीवरचा दिवा म्हणाला, "दारावरच्या सहकाऱ्याला बरं वाटत नाहीये."

"दोनच शब्द बोलतो अन् थांबतो," मामाजी म्हणाले आणि गुरांच्या ढेपेच्या भावाकडे वळले.

दारावरचा दिवा पिवळा पडला, एकदा थरथरला आणि विझला. त्याच्याभोवतीचं छत काळं झालं होतं. त्याने शेवटपर्यंत तक्रार केली नाही, कारण अध्यक्ष बोलत होते.

मामाजी वाक्याच्या मध्येच थांबले. शिडीवर चढून त्यांनी धुमसणारी शाल ओढून खाली टाकली आणि मी तिच्यावर बादली उपडी केली. मग उरलेल्या शाली त्यांनी एकेक करून उतरवल्या. आभार मानायचे राहून गेले आणि कोणी आठवणही करून दिली नाही. "माही चूक झाली बाप्पा," विझलेल्या दिव्यावर हात ठेवून ते म्हणाले. मला रडू आलं.

संध्याकाळी उरलेल्या पाचांपैकी एकही लागला नाही. शेजारचे बोचरे काका दारात येऊन उभे राहिले.

"काऊन हो गावंडे, तुमच्याच घरची लाइन गेली काय?"

"लाइन हाय," मामाजी अंधारातून म्हणाले. "सुतक हाय."

काकांनी चपला बाहेर काढल्या आणि चाचपडत येऊन ते मामाजींच्या शेजारी बसले.

"कोन गेलं?"

"दारावरचा."

"सकाळी तं चांगला होता. किती वर्षाचा होता?"

"तीन."

"हे काय जायाचं वय होतं," काका म्हणाले. मग ते उठले आणि मला म्हणाले, "सूनबाई, आज घरात काही पेटवू नोको. पिठलं-भाकर आमच्या इथून येईन."