वरच्या मजल्यावरचे एल्डर राव

सांगलीत 'राव' म्हटल्यावर मागे वळून बघणारा एकच माणूस मी पाहिला. आमच्याकडे राव कुणीही असतं. 'सरका की राव', 'काय राव तुमी', 'न्हाई जमत राव'. पण एल्डर रावांचं आडनावच राव होतं. राजमहेंद्रीहून ते इथं आले, स्टँडवर उतरले आणि पहिलाच रिक्षावाला म्हणाला, "कुठं जायचं राव?" त्यांनी लगेच आईला फोनवर सांगितलं, की गाव फार चांगलं आहे, इथं मला नावानं ओळखतात.

दहा महिने झाले तरी तेच. बाजारात कुणी 'ओ राव' म्हटलं की ते थांबायचे, वळायचे आणि अदबीनं विचारायचे, "बोला, मी आपली काय सेवा करू शकतो?" तो माणूस हाक मारत असायचा भलत्यालाच. पण निम्म्या वेळा तरी एल्डर राव त्याचं एखादं पोतं टेम्पोत चढवून देऊनच परतायचे.

एल्डर म्हणजे वडीलधारा. वय वर्षं बावीस. ख्रिस्ती लोकांत मॉर्मन नावाचा एक पंथ आहे. त्यातली तरणी मुलं दोन वर्षं घरदार सोडून परमुलखात धर्माचं काम करतात. त्या दोन वर्षांत त्यांना पहिलं नाव नसतं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पट्टी आणि तिच्यावर 'एल्डर' अन् आडनाव. मी पासष्टीतला रिटायर सुभेदार, आणि त्या मुलाला वडीलधारा म्हणायची वेळ माझ्यावर आली.

ते आणि त्यांचे जोडीदार, मिझोरामचे एल्डर लालसांगा, आमच्या विश्रामबागेतल्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. खोली द्यायच्या आधी माझ्या बायकोनं, सुमननं, त्यांची मुलाखत घेतली होती.

"दारू?"

"नाही."

"तंबाखू, गुटखा?"

"नाही."

"चहा तरी?"

"चहा नाही, कॉफी नाही."

"अगं बाई," सुमन म्हणाली, "मग जगता कशावर?"

खोली दिली. नंतर दोन महिन्यांत सुमन गेली. हृदयाचं दुखणं होतं, फार दिवस चाललं नाही. भेटायला येणाऱ्यांसाठी दिवसभर चहा व्हायचा. त्या कपबशा कोण धुतंय, हे मी कधी पाहिलंच नाही. दहाव्या दिवशी मोरीपाशी गेलो तर टाय खांद्यावर टाकून एल्डर राव उकिडवे बसले होते. चहा पीत नव्हते, पण कप धुणं नियमात बसत होतं.

पुढे मी एकटा होतो असं मी म्हणणार नाही. पेपर येत होता. रेडिओ होता. कोपऱ्यावरून डबा येत होता, त्यातलं अर्धं मी खात होतो. मुलगी नागपुरास असते, ती रोज फोन करायची आणि मी रोज 'उत्तम' म्हणायचो.

मग एल्डर लालसांगांना कावीळ झाली आणि त्यांना घरी पाठवलं. सोमवारी त्यांना गाडीत बसवून एल्डर राव परत आले ते थेट माझ्या दारात.

"सुभेदार काका, नवीन जोडीदार पुढच्या सोमवारी पुण्याहून येईल. आमच्यात एकट्यानं राहायचं नाही असा नियम आहे. कायम जोडीनं. हा आठवडा आपण माझे जोडीदार व्हाल का?"

मी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. तिथंही जोडीदार असतो, त्याला आम्ही बडी म्हणायचो. नियम म्हटला की माझा कणा आपोआप ताठ होतो. म्हटलं, "होतो. पण टाय लावणार नाही."

"लय आनंद झाला," एल्डर राव म्हणाले. त्यांचं मराठी हे असं होतं. अर्धं पुस्तकातलं, अर्धं भाजी मंडईतलं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला दारावर टकटक झाली. दार उघडलं तर कडक इस्त्रीचा शर्ट. "काका, आपण उठलात का?" मी उठलो नव्हतो. सुमन गेल्यापासून मी आठ-आठ वाजेपर्यंत लोळत पडायचो, पण ते याला कशाला सांगा? दाढी केली आणि निघालो.

मला वाटलं होतं, आता घरोघर जाऊन धर्म सांगायचा. तसं काहीच नाही. कुणी आपणहून विचारलं तरच ते बोलायचे. बाकी वेळ चालायचं. कुणाची भाजीची गाडी चढावर अडली, लाव हात. कुणी बाई गॅसचा सिलिंडर घेऊन जिना चढतीय, घे खांद्यावर. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझे पाय सुजले आणि डब्यातल्या चारही चपात्या संपल्या.

बुधवारी आम्ही हळदीच्या पेठेत पाटील आण्णांच्या दुकानी गेलो. आण्णा जैन, हळदीचे जुने व्यापारी, माझे मित्र. त्यांनी बसवून घेतलं आणि चहा मागवला. एल्डर रावांनी हात जोडले.

"का रं? उपास हाय?"

"नियम आहे, आण्णा."

आण्णांचे डोळे चमकले. नियम हा त्यांचा आवडता विषय. "आमच्यात कांदा न्हाई," ते म्हणाले.

"आमच्यात कॉफी नाही."

"बटाटा न्हाई."

"सिगारेट नाही."

"दिवस मावळल्यावर जेवण न्हाई."

एल्डर राव क्षणभर अडले. मग म्हणाले, "महिन्यातून एकदा दोन वेळचं जेवण नाही, आणि पाणीही नाही."

"पानी बी न्हाई?" आण्णा गादीवरून पुढे सरकले. "आवं सुभेदार, ह्यो तर आमच्यातलाच हाय की! मांस तेवढं सोड गड्या, मग तुला मंदिरात घिऊन जातो." मी मध्ये बसून माझा आणि एल्डर रावांचा, असे दोन्ही चहा प्यालो. निघताना एल्डर रावांनी कप धुवायला मागितले, तर दुकानातली माणसं चाट पडली.

गुरुवारी एस.टी.नं तासगावला. तिथं बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या काही बायकांना इंग्रजी शिकायचं होतं, मोबाईलवर येणारं वाचता यावं एवढंच. एल्डर राव आठवड्यातून एकदा जाऊन शिकवायचे. गाडीत गर्दी होती. कंडक्टर ओरडला, "आत सरका की राव!" एल्डर राव पार मागच्या काचेपर्यंत सरकले आणि तिथून म्हणाले, "सरकलो. धन्यवाद." कंडक्टरनं उरलेल्या वाटेत कुणालाच राव म्हटलं नाही.

शेडमध्ये बायका बेदाणा निवडत होत्या. हे त्यांच्याबरोबर खाली बसले आणि निवडता निवडता शिकवायला लागले. त्या इंग्रजी शब्द म्हणायच्या, हे त्यांच्या बोलीतलं मराठी म्हणायचे. "हाय का न्हाई?" असं त्या त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसलो. हसता हसता मला ठसका लागला. बऱ्याच दिवसांत सवय नव्हती.

येताना मंडईत त्यांना अंबाडीची जुडी दिसली. ती त्यांनी अक्षरशः छातीशी धरली. "गोंगुरा! काका, हा गोंगुरा! माझी आई..." पुढचं तेलुगूत. घरी येऊन त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. लाल मिरच्यांची फोडणी पडली तेव्हा शेजारची बाई खोकत खोकत बाहेर आली. आम्ही भात लावला, अंबाडी कालवली, आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढत जेवलो. आठ महिन्यांनी त्या शेगडीवर फोडणी पडली होती.

शुक्रवारी माझी अब्रू धोक्यात आली. सकाळीच पानपट्टीवाला म्हणाला, "सुभेदार, तुमी बी गेला जनू त्यांच्यात?" मी त्याला झाडला. पण बातमीला पाय फुटलेले होते. दुपारी माझा धाकटा भाऊ बाळू गावाकडनं, वडूजहून, पहिली मिळेल ती गाडी पकडून दारात हजर. घाम पुसायच्या आत म्हणाला, "दादा, तू ख्रिश्चन झालास म्हनं?"

"कोण म्हणतं?"

"समदं वडूज म्हनतंय. बिनटायचा फिरतोय, पर आतनं झालाय म्हनं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एल्डर राव आले. "काका, आपले बंधू? लय आनंद झाला. आपण पाणी घ्याल का?"

बाळू जागचा हलला नाही. "आवं साहेब, सरळ इचारतो. आमच्या दादाला बाटवायला आलाय का तुमी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एल्डर रावांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. ते त्याच्यासमोर बसले. "मी माझा धर्म मानतो. कुणी विचारलं तर सांगतो. काकांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला इतकंच माहीत आहे, की काकांना अंबाडी तिखट आवडते."

बाळू माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शिल्लक हाय का?"

होती. तो जेवला, मीही पुन्हा जेवलो. त्याला स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा गाडीत चढता चढता तो खाली उतरला. "दादा, वैनी गेल्यापासनं तुला परत भात वाढून घेताना आज पैल्यांदा बघितला," म्हणाला, आणि मला काही बोलू न देता गाडीत जाऊन बसला. वडूजला जाऊन त्यानं काय सांगितलं ठाऊक नाही. नंतर कुणी विचारलं नाही.

शनिवारी आम्ही आण्णांच्या दुकानातली पोती रचायला मदत केली, आणि रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये त्यांची प्रार्थना झाली. सगळी मिळून अकरा माणसं, बारावा मी. त्यांनी डोळे मिटले, मीही मिटले. मला झोप लागली. जागा झालो तर माझ्या डोक्यामागे कुणाचा तरी कोट घडी करून ठेवलेला होता आणि एल्डर राव पुढे नुसत्या शर्टात बोलत होते.

सोमवारी सकाळी पुण्याहून नवे जोडीदार आले. हेही एल्डरच, मंगळूरकडचे, गोल चेहऱ्याचे आणि बडबडे. मी त्यांना खाली बसवून लिंबू सरबत दिलं आणि जरा ऐटीतच म्हणालो, "आठवडाभर तुमच्या मित्राला मी एकटं पडू दिलं नाही बरं का."

"हो, हो," ते हिंदीत म्हणाले. "पुण्यात आम्ही त्याच्यासाठी पलंगसुद्धा लावून ठेवला होता. नियमानं त्यानं आठवडाभर आमच्याकडेच यायचं होतं. पण त्यानं बंगळूरला मोठ्या साहेबांना तीनदा फोन केला. म्हणाला, खालचे काका आठ महिने नीट जेवलेले नाहीत, मला एवढा एक आठवडा इथं राहू द्या. शेवटी साहेबांनी परवानगी दिली."

मी ग्लास खाली ठेवला आणि वर गेलो.

सोमवार म्हणजे त्यांचा सुट्टीचा, कपड्यांचा आणि घरी फोन करायचा दिवस. एल्डर राव इस्त्री करत होते. दहा पांढरे शर्ट ओळीनं टांगलेले.

"का रं," मी म्हणालो. आठवडाभरात पहिल्यांदाच माझ्या तोंडून 'रं' गेलं. "मला फसवलंस?"

त्यानं इस्त्री उभी केली. मग कॉलरीकडे बघतच म्हणाला, "माझे वडील गेले, काका. मागच्या पावसाळ्यात. मी इथंच होतो. घरी जायची परवानगी होती, पण आई म्हणाली, काम पुरं करून ये. मी ऐकलं. नंतर फोनवर तिला विचारलं, तू कशी आहेस? ती म्हणाली, दिवस जातो, पण एकटीसाठी भात लावता येत नाही." त्यानं शर्टावरून हात फिरवला. "तिथं जाता येत नव्हतं. इथं तुम्ही होता."

दहा महिने हा माझ्या डोक्यावर राहत होता. याचे वडील गेल्याचं मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माझं घर रिकामं झालं होतं, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजू लागला. आईचा. पडद्यावर एक सावळी, कपाळाला काही नसलेली बाई दिसली. हा तेलुगूत भराभर काहीतरी बोलला, त्यात 'सुभेदार काका' एवढंच मला कळलं. मग त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा इस्त्रीकडे वळला.

बाईंनी हात जोडले, मी जोडले. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "भोजनं चेशारा?"

"जेवलो," मी म्हणालो. "व्हय, जेवलो. तुम्ही?"