दोन बिंदूवाले भाऊजी

लोक दारात आले की पाणी मागतात. आमचे समोरचे म्हात्रेभाऊजी बिंदू मागतात. "वहिनी, दोन बिंदू द्या, चढ सांगतो!" जिना असो, पत्रा असो, माझी कपडे वाळत घालायची दोरी असो, यांची टेप खिशातून बाहेर.

अंबरनाथच्या कारखान्यात नकाशे काढायचे. रिटायर झाले ते थेट आमच्या मांजर्ली गावाच्या डोक्यावर. घरात बायको सुमन आजारी, अन्न जात नाही. डॉक्टरांनी बजावलंय, महिन्याने पुन्हा वजन करा, उतरलं तर लगेच घेऊन या. आणि हा माणूस जगाचे चढ मोजत हिंडतो!

माझ्या नातीला दहावीचं शिकवायला बसले. "आडवे दोनवरून सहावर, उभे तीनवरून अकरावर. उभा फरक आठ, आडवा चार. आठ भागिले चार, चढ दोन. यात रडायचं काय?" पोर रडत होती ती यांच्या ओरडण्याने.

माझी मोरी करायला उल्हासनगरचा फरशीवाला आला, तर त्यालाही ढाळ काढून दिला. वरची वजाबाकी सुलटी, खालची उलटी. उताराचा झाला चढ. फरशीवाला म्हणाला, "काका, पानी इधर किचन में आयेगा." "तू गणित शिकलायस का?" पहिल्याच बादलीला माझ्या पिठाच्या डब्याखाली तळं.

"एका चिन्हाची चूक हो, वहिनी!"

"मग ते चिन्ह पुसा," म्हटलं आणि पोछा हातात दिला.

महिना उलटला. सुमनचं वजन करणं काही होईना. कधी काटा बिघडलेला, कधी तिची झोप लागलेली. शेवटी मीच माझा काटा उचलून नेला.

"भाऊजी, जगाला बिंदू मागता, आणि बायकोच्या वजनाला काय धाड भरली?"

ते टेपची पट्टी ओढत, सोडत बसले. मग हळूच म्हणाले, "एका बिंदूतून कुठलीही रेषा जाते, वहिनी. वर जाणारीपण. दुसरा दिला की एकच उरते."

मी काटा जमिनीवर ठेवला. सुमन काट्यावर चढली. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे. गेल्या खेपेला शेहेचाळीस होतं. आता त्रेचाळीस.

आकडा मीच वाचला. "उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर."

भाऊजींनी वजाबाकी केली नाही. खाली बसले आणि सुमनच्या पायात एकेक चप्पल सरकवत राहिले. डावी उजव्या पायात घातली होती. सुमन तशीच उभी राहिली.