बारा शब्दांची पाटी

माझ्या बायकोने मला आयुष्यात एकदाच सॉरी म्हटलं, आणि ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे! तेहतीस वर्षांच्या संसारात एकदा. पुष्कळ नवऱ्यांच्या वाट्याला तेवढंही येत नाही. ती गेल्यावर जो कोणी भेटायला आला, त्याला मी हे सांगितलं. ऐकून लोक डोळे पुसायचे. तिचा धाकटा भाऊ तेवढा म्हणाला, "ताई? आणि सॉरी? भाऊजी, तुम्ही चुकून दुसऱ्याच कोणाच्या खाटेजवळ बसला होतात का?"

दुसरी गोष्टही छातीठोकपणे सांगतो. मी पाट्या रंगवतो. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, 'गाडी येथे लावू नये'च्या. चाळीस वर्षांत माझ्या एकाही पाटीत चूक निघालेली नाही. ऱ्हस्वदीर्घाचीसुद्धा नाही!

या दोन गोष्टींच्या जोरावर मी दहा महिने काढले. गेल्या रविवारी दोन्ही एकाच बैठकीत गेल्या. कशा, ते सांगतो.

बायकोचं झेरॉक्सचं दुकान होतं. बावीस वर्षं तिने ते चालवलं. मग हळूहळू लोकांनी कागद वापरणं सोडलं आणि तिने दुकान सोडलं. पण मशीनच्या आवाजाशिवाय तिला करमेना. एक दिवस तिने एका जुन्या गिऱ्हाइकाकडून वापरलेलं, बिटकॉइनसारखी नाणी कमावणारं मायनिंगचं मशीन आणलं आणि मागच्या खोलीत ठेवलं. बुटांच्या खोक्याएवढं धूड, पुढे पंखा, मागे पंखा. चालू केलं की वाटायचं, एखादं विमान आमच्या घरात उतरायला जागा शोधतंय आणि त्याला ती मिळत नाहीये! नवऱ्यालाही सवत असू शकते, हे मला तेव्हा कळलं.

"हे करतं काय?" मी विचारलं.

"आकडा शोधतं."

"हरवलाय का?"

"जगभरची मशीनं तोच आकडा शोधतायत. ज्याला सापडेल त्याला नाणं मिळतं. आपण एका टोळीत आहोत. टोळीला सापडला की आपल्या वाट्याला चिमूटभर येतं."

"आणि ते नाणं कुठे असतं?"

"पाकिटात." तिने मला बोटाएवढी एक डबी दाखवली. दोन बटणं आणि चिमुकला पडदा. "पण यात नाणं नसतं. किल्ली असते. डबी मोडली तर बारा शब्द लागतात. ते सांगितले की नव्या डबीत सगळं परत येतं."

"मग लिहून ठेव."

"कागदावर लिहिलं की कोणीतरी कॉपी काढतं. बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? डोक्यात आहेत ते."

तीन वर्षं आमचं एकच भांडण चाललं. मी म्हणायचो, मशीन कमावतं त्यापेक्षा जास्त वीज खातं. ती म्हणायची, खाऊन उरवतं. मी विजेचं बिल तिच्या तोंडासमोर धरायचो आणि ती म्हणायची, "पाकीट उघडेन तेव्हा बघा!" ते तिने कधीच उघडून दाखवलं नाही. मग ती आजारी पडली.

दवाखान्यात एका दुपारी ती म्हणाली, "अहो, कागद घ्या. बारा शब्द सांगते. लेकीला द्या." शब्द इंग्रजी होते. इंग्रजी पाटी मी समोर नमुना ठेवूनच काढतो. माझा हात देवनागरीचा, म्हणून ऐकलं तसं देवनागरीत लिहिलं. तिने चष्मा न लावताच कागद बघितला आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय." त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

कागद किती टिकणार? म्हणून मी ते शब्द पत्र्यावर रंगवले. निळी जमीन, पिवळी अक्षरं, लाल सावली. बाजूने वेलबुट्टी. आणि पाटी हॉलमध्ये टांगली. आलेला माणूस वाचायचा, 'टायगर, पेअर, विंडो, वेस्ट, लेमन, फॅन, राइट, कॅमेरा...' आणि विचारायचा, "कविता का हो?" मी म्हणायचो, "तिने सांगितलेली आहे." तो मान हलवायचा.

तर गेल्या रविवारी लेक आणि मेहुणेबुवा मागची खोली आवरायला येणार होते. म्हटलं, ते यायच्या आत आपणच पाकीट उघडून ठेवू. त्यात काय! डबीची वायर लावली. डबीने चार आकडी पिन मागितला. मी लग्नाची तारीख दिली. चूक. लेकीची जन्मतारीख दिली. चूक. दुकानाच्या फोनचे शेवटचे चार आकडे दिले. मग पडद्यावर असं काहीतरी आलं, की तीन वेळा चुकल्यामुळे मी आतलं सगळं पुसून टाकलं आहे!

तेवढ्यात दोघं दारात.

"भाऊजी, काय केलंत?" मेहुणेबुवा किंचाळले. त्यांना यातलं सगळं कळतं. म्हणजे जगातलं सगळंच कळतं, त्यात हेही आलं.

"काही नाही. बारा शब्द आहेत ना."

"कुठे आहेत?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं.

मेहुणेबुवा पाटीसमोर उभे राहिले. एक हात कपाळावर, दुसरा कमरेवर. "भाऊजी, हे गुपित असतं! लोक हे तिजोरीत ठेवतात. तुम्ही वेलबुट्टी काढून हॉलमध्ये लावलंत?"

"पत्र्यावर आहे. जळणार नाही, भिजणार नाही."

"पत्र्यावर काढलंत ते बरोबर. चोराला वाचता यावं म्हणून अक्षर एवढं मोठं काढलंत, ते चूक!"

"मामा, ओरडू नका," लेक म्हणाली. "दहा महिन्यांत कोणी नेलं नाही ना? चला, शब्द भरू."

डबीवर अक्षरं निवडायला दोनच बटणं, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. माझी बोटं ब्रश धरणारी. ए पासून टी पर्यंत जायला लागायचं आणि टी आला की बोट घसरून यू यायचा. शेवटी लेकीने डबी हातात घेतली. टायगर झाला. दुसऱ्या शब्दावर गाडी अडली.

"पेअर," ती म्हणाली. "बाबा, कोणतं पेअर? फळ की जोडी?"

"म्हणजे?"

"दोघांचं स्पेलिंग वेगळं आहे. आणि हे बारा शब्द ज्या ठरावीक यादीतून येतात, तिच्यात दोन्ही आहेत."

"मला काय माहीत! मी पेअर ऐकलं, पेअर लिहिलं."

चौथा शब्द वेस्ट. पश्चिम की कचरा? सातवा राइट. बरोबर की लिही? देवनागरीत तिघंही चोख होते. इंग्रजीत तिघंही बेपत्ता!

"पेअर म्हणताना ताईने तुमच्याकडे बघितलं का?" मेहुणेबुवांनी वकिलासारखं विचारलं.

"बघितलं असेल."

"मग जोडी. आणि वेस्ट म्हणताना?"

"तेव्हाही माझ्याकडेच बघत होती."

"मग कचरा."

"मामा!"

"अगं, मी तर्क लढवतोय!"

लेकीने हिशोब केला. तीन शब्द, प्रत्येकाचे दोन अर्थ, म्हणजे आठ जोडण्या. आठही भरून बघू. आणि खरंच, तिने दर वेळी बारा शब्द भरले. दुपारचं जेवण झालं, भांडी झाली, तरी ती भरत होती. आठही वेळा डबीने सांगितलं, चूक.

"याचा अर्थ पाटीत चूक आहे," मेहुणेबुवा म्हणाले.

मी उभा राहिलो. "माझ्या पाटीत चूक नसते."

"बाबा, बसा. त्या दुपारी काय काय झालं ते आठवून सांगा. जसंच्या तसं."

मला तर ते सांगायला आवडतंच. मी सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती. डोळे मिटून एकेक शब्द सांगायची. मी लिहून झालं की "हं" म्हणायचो. आठवा शब्द, कॅमेरा, झाला. मग ती थांबली. पाणी प्यायली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, सॉरी.

"मी पेन खाली ठेवलं," मी म्हणालो. "डोळे पुसले. तीन वर्षं त्या मशीनवरून भांडलो होतो आम्ही. मी म्हटलं, असू दे गं, माझंही चुकलंच. मी उगाच तुझ्या मागे लागलो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसली. किती तरी दिवसांनी हसली. मग म्हणाली, ब्रिज. मी ब्रिज लिहिलं."

मेहुणेबुवांनी खिशातून फोन काढला, यादी वरखाली केली आणि फोन पुन्हा खिशात ठेवला.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही."

"बोला ना."

"भाऊजी," मेहुणेबुवा एकदम हळू आवाजात म्हणाले, "सॉरी यादीत आहे."

"कसल्या यादीत?"

"शब्दांच्या."

मी लेकीकडे बघितलं. ती पाटीकडे बघत होती.

"तो शब्द नव्हता!" मी ओरडलो. "मला माहीत आहे ती कशी म्हणाली! आणि तो शब्द असता तर तेरा झाले असते. ती मोजत होती. शेवटी तिने विचारलं, झाले बारा? मी म्हटलं, झाले!"

"तेही खरंच," मेहुणेबुवा घाईघाईने म्हणाले. त्यांनाही सुटका हवी होती. "तेरा झाले असते. सोडा तो विषय."

पण लेक अजून पाटीकडेच बघत होती. "बाबा, त्या दिवशी डबा घेऊन मी आले होते. आई घामाने भिजली होती. मी तुम्हाला बोलले, एवढं उकडतंय आणि फॅन बंद कसा? आणि मी लावला."

मी पाटीवर सहावा शब्द वाचला. पिवळ्या अक्षरात, लाल सावलीत, वेलबुट्टीला लागून.

फॅन.

काय सांगू तुम्हाला! ती बिचारी म्हणाली असेल, फॅन. आणि मी लावला नाही. लिहिला! वर "हं" म्हणालो! पुढचा सांग!

मेहुणेबुवांना हसू फुटलं. त्यांनी ते दाबलं, दाबलं, आणि मग त्यांच्या नाकातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला. मग लेक हसली. मग मीही हसलो, कारण डोळ्यांतून पाणी यायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

आता सगळं सरळ होतं. फॅन काढायचा आणि कॅमेऱ्यानंतर सॉरी घालायचं. लेकीने डबी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "नको उघडायला."

"का?"

"उघडलं तर कळेल."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. पाकीट उघडलं तर सॉरी हा एक शब्द होता. टायगरसारखा, लेमनसारखा. नाही उघडलं तर ती मला सॉरी म्हणाली होती. दहा महिने मी सकाळी घरच्या खाटेच्या रिकाम्या बाजूला बघून तेवढं एक आठवायचो आणि मग उठायचो. पाकिटात काय असेल ते असो. माझ्याजवळ हे होतं.

"खरंच राहू द्या, भाऊजी," मेहुणेबुवाही म्हणाले. "मशीन मी नेतो. डबी टाका कपाटात."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली एक जण गाडी लावायला जागा शोधत होता. समोर माझीच पाटी होती, 'गाडी येथे लावू नये'. त्याने ती वाचली आणि पुढे गेला. मला वाटलं, लोक पाटीवर विश्वास ठेवतात. त्यामागे कोण रंगारी होता आणि त्याला त्या दिवशी काय वाटत होतं, हे कोणी विचारत नाही. लिहिलेलं बरोबर असलं पाहिजे, बस. आणि माझ्या घरात, तिच्या नावाने, मी चुकीची पाटी टांगून ठेवली होती. तिने सांगितलेला शब्द गाळून आणि न सांगितलेला घालून.

मी आत आलो. "भर," म्हटलं.

पहिल्यांदा नाही उघडलं. दुसऱ्यांदा नाही. मला उगाचच आशा वाटायला लागली. सहाव्या वेळी पडदा हिरवा झाला.

जोडी, कचरा आणि लिही.

"ताई ती ताईच!" मेहुणेबुवा म्हणाले आणि त्यांनी आतला आकडा बघून तीन वर्षांच्या विजेशी त्याचा हिशोब मांडला. दोनदा मांडला, कारण मी मांडायला लावला. वीज वजा जाता उरत होतं. फार नाही. पण उरत होतं. म्हणजे भांडणात तीच बरोबर होती, आणि सॉरी म्हणायचं तिला काही कारणच नव्हतं!

लेक माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, वाईट वाटलं?"

"वाटलं."

"आई नंतर हसली ना पण? ते काही यादीत नव्हतं."

तेच तर मी तेव्हापासून डोक्यात घोळवतोय. ती हसली का? तिने आपला आठवा शब्द सांगितला. आणि जो माणूस तीन वर्षं विजेचं बिल नाचवत होता, त्याने काहीही कारण नसताना पेन खाली ठेवलं, डोळे पुसले आणि म्हणाला, माझंही चुकलंच! तिला किती बरं वाटलं असेल! म्हणून तर ती नऊ दिवस एवढी समाधानी दिसत होती. मी समजत होतो, औषध लागू पडतंय.

तेव्हा भेटायला आलेल्या सगळ्यांना एक दुरुस्ती कळवायची आहे. आमच्या तेहतीस वर्षांत माफी एकदाच मागितली गेली, हे खरं. फक्त ती मी मागितली. आणि तीही ऐकण्यात चूक झाली म्हणून!