मातुश्रींच्या करवतीचा नाडा सुटला त्याची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. ज्या नारायणानें मनुष्यास दहा बोटें आणि दोन तंगड्या मोजोन दिधल्या, आणि एखादी गेलियास दुसरी देण्याचा करार मात्र केला नाहीं, त्यास दंडवत घालोन ही हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, सोमवार, ते दिवसीं खंडेनवमीचा सण होता. आणि राज्य मातुश्री गोजराबाईसाहेब यांचें. राज्य म्हणजे पत्र्याचें छप्पर, त्याखालीं सागाच्या फळ्यांचे बुरूज, आणि बारमाही उडता भुसा. थोरले धनी कैलासवासी जाहलियावर बाईसाहेबांनीं सुतारकामाच्या या कारखान्याचा कारभार स्वतां हातीं घेतला आणि बारा वर्षें ऐसा चालविला कीं त्यांचे समोर रंधादेखील दबकोन चालावा. त्यांचे पदरीं म्हाळोजी मिस्त्री हे सरदार, वय पन्नासाचें, हात सोन्याचा आणि स्वभाव महाभिडस्त. सकळ हत्यारांत थोर हत्यार म्हणजे विजेची गोल करवत. पात्यास चोवीस दांत, उचलावयास दोन्हीं हात लागत, आणि ती चालूं जाहली म्हणजे शेजारच्या गोठ्यांतील म्हशी पान्हा चोरीत. तीस खालील अंगें एक फिरती ढाल असे, जीस कारागीर गार्ड म्हणत. पातें लाकडांत शिरे तसतशी ढाल मागें सरे, आणि पातें बाहेर येतांच स्प्रिंगच्या जोरें पुन्हा पुढें येवोन दांत झांकी. मनुष्य विसरला तरी ढाल विसरत नसे.

तर नवमीस हत्यारांची पूजा मांडिली. पटाशा, वाकस, रंधे, गिरमिटें ओळीनें लागलीं आणि मधोमध पाटावर करवत बसविली, आणि बाईसाहेबांनीं स्वहस्तें तेलांत कालविलेलें कुंकूं एकेका दांतास लाविलें. परंतु ढाल वारंवार खालीं येवोन बोटांवर पडे, म्हणोन त्यांनीं ती वर सारिली आणि तांबडी नाडाछडी घेऊन सात वेढे देवोन मुठीशीं आवळोन बांधिली. मग झेंडूची माळ चढली, आरती जाहली, पेढे वांटले. दशमीस सुटी होती. सर्वांनीं सोनें लुटलें. आणि एकादशीस सकाळीं आठही असामी कामावर आले तों पाहतात, नाडा तैसाच आणि ढाल तैसीच वर बांधलेली, चोवीस दांत दिवसाढवळ्या उघडे. आतां त्या राज्यांत रीत ऐसी चालत आली कीं पूजेचा नाडा मनुष्यानें सोडूं नये, आपसूक विरोन गळावा. आणि हा तर खुद्द बाईसाहेबांचे हातचा. सर्वांनीं पाहिलें आणि सर्वांनीं मान फिरविली. मांजराचे गळ्यांत घंटा बांधणें परवडलें, परंतु बाईसाहेबांनीं बांधिलेलें सोडावें कोणीं?

मोहीम तर निकडीची. गांवच्या नाट्यगृहाचा रंगमंच दिवाळीपूर्वीं नव्या फळ्यांनीं मढवावयाचा होता, आणि करवत चालवावयाची होती हैबतरावांनीं. हैबतराव म्हणजे म्हाळोजींची धाकटी बहीण तान्हूबाई, तिचे यजमान. देह पहिलवानी, आणि मान त्याहून मोठा. कामांत ते म्हाळोजींचे हाताखालीं, परंतु नात्यांत दाजी, म्हणोन म्हाळोजी त्यांस अहोजाहो करीत आणि दटावावयाचें म्हटलें कीं विनवणीच करीत. त्या सकाळीं म्हाळोजींनीं तो नाडा पाहिला, ते उघडे दांत पाहिले, आणि त्याखालीं दाजींची मांडी पाहिली. बाईसाहेबांस बोलावें तर त्यांचा राग, दाजींस बोलावें तर बहिणीचे घरांत रुसवा, आणि न बोलावें तर! करवत निसटोन मांडीवर आलियास तान्हूबाईस कोणते तोंडानें सांगावें, हा एकच विचार त्यांचे डोक्यांत घणासारखा पडूं लागला. ते दोनदां पुढें गेले आणि दोनदां कांहीं नसलेलें उचलावयास म्हणोन परत आले. तों हैबतरावांनीं कळ दाबिली, करवत गरजली, पहिली फळी चिरली, आणि करवत वर उचलली ती उघडीच, दांत भिरभिर फिरताहेत, आणि हैबतराव तैसीच ती मांडीजवळ धरोन दुसरी फळी पायानें ओढिताहेत. मग म्हाळोजींनीं जें केलें तें त्यांच्या सात पिढ्यांत कोणी भिडस्तानें केलें नसेल. ते भिंतीपाशीं गेले आणि त्यांनीं प्लग उपटिला.

करवत मंद होत होत थांबली. हैबतराव बोलिले, "लाईट गेली काय?"

"लाईट हाय, दाजी. प्लग म्या काढला."

"का म्हून?"

"त्यो नाडा सोडल्याबिगर करवत चालवायची न्हाई."

"आईसाहेबांचा नाडा?" हैबतराव हांसोन बोलिले. "मग सोडा की तुमी. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं. वरीसभर भोगावं लागंल."

आतां त्या राज्यांत ऐसें असे कीं करवतीचा आवाज चालूं असला म्हणजे बाईसाहेब आपले ओसरीवर निर्धास्त बसत, आणि शांतता पडली म्हणजे त्यांची स्वारी निघे. त्याप्रमाणें स्वारी आली. एकादशीचा उपास, हातीं शेंगदाण्यांची वाटी, कपाळीं आठी. त्यांनीं पुसिलें, "काम का थांबलं?" आणि आठही असामी आपापल्या पायांचे अंगठे पाहूं लागले. म्हाळोजींचे हातांत प्लग होता, तो लपवावा कोठें? मग ते एका श्वासांत बोलिले, "आईसाहेब, तुमी बांधल्याल्या नाड्यानं गार्ड वर अडकलाय, करवत उघडी हाय, दाजींच्या मांडीवर आली तर पाय जाईल, म्हणून म्या प्लग काढला. आता माझं काय करायचं त्ये करा."

बाईसाहेब करवतीपाशीं गेल्या, वांकल्या, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "परवापासनं ह्यो असाच हाय?"

"व्हय जी."

"आरं, कुंकू लावताना झाकण बोटावर येत हुतं म्हणून बांधला मी. पूजा झाल्यावर सोडायचा का न्हाई? मला वाटलं, एवढी शाणी माणसं हायती, सोडतील."

"पूजेचा नाडा आपल्यात सोडत न्हाईत, आईसाहेब."

"बैलाच्या तोंडाला बांधला आसता तर बैल उपाशी मारला आसतास व्हय?" ऐसें बोलोन त्यांनीं वाटी म्हाळोजींचे हातीं दिधली आणि स्वतां गांठ सोडिली, आणि नाडा मस्तकास लावोन नेवोन देव्हाऱ्यांत ठेविला. ज्या गोष्टीस आठ शूर सकाळपासोन भ्याले ती चार निमिषांत उरकली. म्हाळोजींचे अंगावरोन मणाचें ओझें उतरलें आणि मोकळेपणीं त्यांनीं बाईसाहेबांचे वाटींतील दाणेच खावोन टाकिले, हें त्यांस मागाहून कळलें.

हैबतराव बोलिले, "झालं न्हवं? लावा आता प्लग." परंतु म्हाळोजी पाहतात तों नाडा सुटला तरी ढाल खालीं आली नाहीं. कुंकवाचें तेल बिजागरींत झिरपलें होतें, त्यावर पहिल्या फळीचा भुसा बसला होता, आणि सागाचा चीक तर आधींचाच. सर्व मिळोन फटी बुजविण्याचे लुकणासारखें घट्ट जाहलें होतें. मग म्हाळोजींनीं प्लग आपले कमरेस खोंविला, कीं कोणी उतावळा परस्पर लावूं नये, आणि करवत मांडीवर घेऊन बसले. ब्रशानें भुसा काढिला, रॉकेलचे फडक्यानें बिजागरी आणि पातें पुसलें, दांतांवरील कुंकूं आणि चीक खरवडिला, एकेक दांत पाहोन चीर नाहीं ऐसी खात्री केली, पान्यानें मधला नट आवळिला, आणि सर्व कोरडें करोन ढाल बोटानें मागें सारोन सोडिली. ती अर्ध्यांत अडली. पुन्हां पुसलें. पुन्हां अडली. हैबतराव येरझारा घालीत बोलिले, "मिस्त्री, करवत साफ करताय का बाळ न्हाऊ घालताय?" तिसरे खेपेस ढाल खट्ट करोन बसली, आणि म्हाळोजींनीं ती आणखी दहादां सोडोन तो आवाज ऐकिला, त्यांस तो त्या घडीस सनईहून गोड लागला. या कामास अर्धा तास गेला. मग त्यांनीं पातें फळीखालीं एका दांताइतकेंच उतरेल ऐसें बसविलें, हैबतरावांचे कपाळावरील चष्मा स्वतां डोळ्यांवर ओढिला आणि प्लग लाविला.

"दाजी, टेकू कापायच्या जाग्याजवळ घ्या. लांब ठिवला तर फळी मधी वाकंल आणि पातं चिमटंल."

"व्हय व्हय," हैबतराव बोलिले आणि टेकू होते तेथेंच ठेविले. पांच फळ्या नीट चिरल्या. सहावी ओली आणि गांठीची होती. करवत मध्यावर गेली तों फळी वांकली, काप मिटला, पातें आंत आवळलें आणि करवत उसळोन मागें आली ती थेट हैबतरावांचे उजवे मांडीवर. म्हाळोजी पांच हातांवर उभे होते आणि त्यांस ओरडावयासही सांपडलें नाहीं. परंतु लाकडांतून पातें सुटतांच खट्ट आवाज जाहला, आणि मांडीवर जी आदळली ती ढाल, दांत नव्हेत. पातें ढालीचे आंत गुरगुरत तीन श्वास फिरलें आणि थांबलें. हैबतरावांचे विजारीवर एक काळा पट्टा उठला. शिवण देखील उसवली नाहीं.

काळ आला होता, परंतु वेळ आली नव्हती. हैबतराव मांडी दोन्हीं हातांनीं चांचपोन पाहूं लागले, मग खालीं बसले, मग पुन्हां चांचपूं लागले. म्हाळोजींनीं आधीं प्लग काढिला आणि मग ते भुशांतच बसले आणि सर्वांदेखत रडले, आणि त्यांस त्याची लाज वाटली नाहीं. कांहीं वेळानें हैबतराव खालीं पाहोन हळू बोलिले, "टेकू कुठं ठिवू, मिस्त्री?" आणि म्हाळोजींनीं बोट दाखविलें तेथें ठेविले. त्या दिवसीं उरलेल्या फळ्या सावकाश चिरल्या, आणि बाईसाहेबांनीं ओसरी सोडोन कारखान्यांतच पाट मांडिला.

दिवेलागणीस म्हाळोजी वांकडी वाट करोन बहिणीचे घरीं गेले. तान्हूबाई चुलीपाशीं साबुदाणा परतीत होती. त्यांनीं उंबऱ्यांतच पुसिलें, "दाजी आले?"

"आले की. न्हाणीत हायती. दोन घागरी पाणी संपवलं, आन गाणं काय थांबंना."

न्हाणींतून तांब्याचा आवाज येत होता आणि त्याहून मोठें बेसूर गाणें. म्हाळोजी भिंतीस टेकोन तें सारें ऐकत बसले.

"आज काय इशेष म्हणायचं, दादा?" तान्हूबाई बोलिली.

"काय न्हाई."

"काय न्हाई, तर एवढ्या लांबनं आलास?"

"काय न्हाई झालं, म्हणूनच आलो," म्हाळोजी बोलिले, आणि पुढें केलेली ताटली त्यांनीं दोन्हीं हातीं धरिली.

येणेंप्रमाणें एकादशीस मातुश्रींचे राज्यांत वर्तलें. कोणी पडलें नाहीं, कोणाचें कांहीं गेलें नाहीं. अर्धा तास खर्ची पडला आणि एक पाय जागचे जागीं राहिला. ऐसे दिवसाची बखर कोणी लिहीत नाहीं, म्हणोन ही लिहिली. जाणिजे.